संगणकाच्या खिडक्या : थोडा अनुभव, थोडा अभ्यास

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख लिहावा, हे आपल्या संगणकशास्त्राच्या मित्रांना आगाऊपणाचे वाटेल. पण हा लेख त्यांच्यासाठी नाहीच. माझ्यासारखे जे मराठी किंवा कन्नड माध्यमातून शिकून आले, कळफलकाशी ज्यांची ओळख महाविद्यालयात आल्यावरच झाली, आणि काम करता करता ज्यांच्या पडद्यावर एकावर एक खिडक्या साचून शेवटी हवी तीच सापडेनाशी होते, त्यांच्यासाठी तो आहे. मला ह्या विषयाची गोडी लागली ती आपल्या संगणक कक्षात नव्हे. ती लागली इंदूरला, छत्रीबागेत, एका चुकीपायी. ती चूक माझीच होती.

माझी मावशी इंदूरला छत्रीबागेत राहते. इथल्या मित्रांना छत्री म्हटले की पावसाळा आठवेल. पण ह्या छत्र्या दगडी आहेत, होळकर घराण्यातील दिवंगतांच्या स्मरणार्थ बांधलेल्या. त्यांच्यावरूनच वस्तीला नाव पडले. जवळच लक्ष्मी-वेंकटेशाचे मोठे देवस्थान आहे. वस्तीत मराठी घरे पुष्कळ, पण त्यांची मराठी आपल्याहून निराळी. "काय करतोस?" ऐवजी "काय करून राहिलास?" असे विचारतात. पहिले चार दिवस मला हसू यायचे. मग ध्यानात आले की आपण सीमाभागातले लोक मराठीत कन्नड मिसळतो, तेव्हा पुण्याचा पाहुणाही आपल्याला असाच हसत असेल. असो.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, कर सल्लागार आहेत. घराची पुढची खोली हेच त्यांचे कार्यालय. अशिले बहुतेक कापड बाजारातली. त्यांच्याकडे वृद्ध मुनीमजी आहेत. त्यांनी लाल बासनातल्या वह्यांपासून टॅलीपर्यंत सगळे पाहिले आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत काका म्हणाले, "बी. कॉम. करतोस ना? मग ये दोन महिने, नुसती पुस्तकं वाचून हिशेब येत नसतो." मी मोठ्या उत्साहाने गेलो. काकांनी नवा संगणक घेतला होता, विंडोज ११ प्रणालीचा, आणि तो चालवायला त्यांना कोणीतरी तरुण हवाच होता.

आता त्या संगणकावर एका वेळी काय काय उघडे असे ते सांगतो. टॅली. वस्तू व सेवा कराचे संकेतस्थळ. बँकेचे विवरण. एक्सेलच्या चार-पाच फायली. काकांची टपालपेटी. दोन-तीन फोल्डर. शिवाय गणकयंत्र, आणि खरे सांगायचे तर क्रिकेटचा धावफलकही. तळाच्या पट्टीवर चिन्हांची दाटी झालेली. मला वाटे, जितक्या जास्त खिडक्या उघड्या, तितके काम जोरात चालले आहे! ऑल्ट आणि टॅब ह्या कळा दाबून मी एकीतून दुसरीत उड्या मारीत असे आणि मुनीमजी चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहत.

काकांच्या अशिलांत दोन सख्खे भाऊ होते. पूर्वी पेढी एकच होती. नंतर वाटण्या झाल्या, दोन पेढ्या झाल्या, दुकाने एकाच गल्लीत राहिली आणि बोलणे बंद झाले. एका बाबतीत मात्र दोघांचे मत एक होते, ते म्हणजे हिशेब काकांकडेच राहावा. दोघांच्या पेढ्यांचे आडनाव एकच, मालही एकच, आणि गिऱ्हाईकही बरेचसे तेच. त्यामुळे थोरल्यांच्या कोणाकडे किती येणे आहे हे धाकट्यांना कळणे, किंवा उलट, ह्याचा अर्थ काय होतो ते वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. ऋणकोंची यादी म्हणजे व्यापाऱ्याची नाडीच.

एके दिवशी दुपारी धाकट्यांचे टपाल आले: मार्चअखेरची ऋणकोंची यादी पाठवा. मी उत्तर लिहायला घेतले. मागे दोन फोल्डर उघडे होते, एक थोरल्यांचे, एक धाकट्यांचे, एकावर एक सरकलेले, आणि दोन्हींत यादीची फाईल एकाच नावाची. मी फाईल माऊसने उचलली, टपालाच्या खिडकीत सोडली आणि 'पाठवा' दाबले. मिनिटभराने ते फोल्डर बंद करायला गेलो, तेव्हा त्याच्या माथ्यावरचे नाव वाचले. ते थोरल्यांचे होते.

पाठवलेले टपाल मागे घेता येते असे ऐकून होतो. येते, पण जीमेलमध्ये ती सवलत मूळची ५ सेकंदांची असते, आणि सेटिंगमध्ये जाऊन वाढवली तरी ३० सेकंदांपलीकडे जात नाही. माझे मिनिट उलटून गेले होते.

काकांना सांगावे की धाकट्यांना गुपचूप फोन करून "ते उघडू नका" म्हणावे, ह्या विचारात मी किती वेळ घालवला ते इथे लिहीत नाही. शेवटी सांगितले.

"काका, थोरल्यांची यादी धाकट्यांना गेली."

"कोणती यादी?"

"ऋणकोंची. मार्चअखेरची."

काका रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला, चपला घातल्या आणि म्हणाले, "ही फोनवर सांगायची गोष्ट नव्हे." ते कापड बाजारात गेले. आधी थोरल्यांकडे, मग धाकट्यांकडे. संध्याकाळी परतले तेव्हा मावशीने काही विचारले नाही आणि त्यांनीही काही सांगितले नाही.

मुनीमजींनी मात्र मला जवळ बसवले. रागे भरायला नव्हे. त्यांनी कपाटातून एक जुना बस्ता काढून दाखवला. एका अशिलाची सर्व कागदपत्रे एका चौकोनी फडक्यात, चारी टोके एकमेकांवर घेऊन बांधलेली. म्हणाले, "भैयाजी, हम एक बार में एक ही बस्ता खोलते थे." दुसऱ्याचे काम आले की पहिला बस्ता आधी बांधायचा, बाजूला ठेवायचा आणि मगच दुसऱ्याची गाठ सोडायची. गादीवर दोन पेढ्यांचे कागद एका वेळी कधी येतच नसत.

आपल्याकडे ह्यालाच रुमाल म्हणत. पेशवे दफ्तरातील मोडी कागद अशाच रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, आणि रियासतकार सरदेसाई ह्यांनी १९३० ते १९३४ ह्या काळात त्या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले ते असेच रुमाल सोडून. मुनीमजींचे बोलणे ऐकताना माझ्या मनात एकच प्रश्न होता. संगणकावर रुमाल बांधता येतो काय?

येतो. आणि ती सोय माझ्या समोरच्या यंत्रात पहिल्या दिवसापासून होती, मलाच ठाऊक नव्हती.

येथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण तो वाचताना मलाही मौज वाटली. पडद्यावर माऊसने काम करण्याचे पहिले गाजलेले प्रात्यक्षिक डग्लस एंगलबार्ट ह्यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे केले. पुढे १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात 'आल्टो' नावाचे यंत्र तयार झाले आणि तेथे ॲलन के व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्यांची कल्पना राबवली. पडदा म्हणजे टेबल आणि खिडक्या म्हणजे त्यावर पसरलेले कागद. वरचा कागद खालच्याला झाकणार, हे ओघानेच आले. गंमत अशी की नोव्हेंबर १९८५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पहिले विंडोज आणले, तेव्हा त्यातील खिडक्या एकमेकींवर चढत नसत. फरशा बसवाव्यात तशा शेजारी शेजारीच बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर चढू लागल्या. माझी चूक पहिल्या आवृत्तीत कदाचित घडली नसती, असे मी काकांना म्हणालो. त्यांना ते आवडले नाही.

टेबलाची उपमा चांगली, पण पडद्याचे टेबल फार लहान. खऱ्या टेबलावर डझनभर कागद पसरता येतात. पडद्यावर दोन-तीन खिडक्या झाल्या की चौथी कुणाला तरी झाकतेच. ह्यावर त्याच केंद्रातील ऑस्टिन हेंडरसन व स्टुअर्ट कार्ड ह्या दोघांनी १९८६ मध्ये उपाय मांडला. त्यांच्या प्रणालीचे नाव 'रूम्स', म्हणजे खोल्या. मला सर्वांत पटला तो त्यांच्या विचाराचा धागा, म्हणून तो जरा विस्ताराने देतो.

संगणकाची चालू स्मृती थोडी असते आणि साठवणीची जागा पुष्कळ. कार्यक्रमाला लागणारा मजकूर चालू स्मृतीत नसला तर तो साठवणीतून आणावा लागतो, आणि त्यासाठी दुसरा काहीतरी बाहेर काढावा लागतो. स्मृती फारच अपुरी पडली तर यंत्र नुसते आणण्या-ठेवण्यातच गुंतते आणि काम ठप्प होते. पीटर डेनिंग ह्यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की कोणताही कार्यक्रम एका वेळी आपल्या सगळ्या मजकुराला हात लावत नाही. थोडा काळ एका लहान संचाशी काम करतो, मग दुसऱ्या संचाकडे वळतो. तो संच एकत्र जवळ ठेवला की खेपा वाचतात. हेंडरसन व कार्ड ह्यांनी हेच तत्त्व माणसाला लावले. माणूसही वीस खिडक्या एकदम वापरीत नाही. एका कामाला चार लागतात, दुसऱ्याला तीन. पडदा लहान म्हणून तो सारखा एक झाकतो, दुसरी शोधतो आणि त्या शोधाशोधीतच थकतो. म्हणून एकेका कामाच्या खिडक्यांचा संच एकेका खोलीत ठेवावा. काम बदलले की माणसाने खोली बदलावी, खिडक्या जिथल्या तिथे राहू द्याव्यात.

आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांसाठी सांगतो, कन्नडमध्ये खिडकीला 'किटकी' आणि खोलीला 'कोणे' म्हणतात. मी घरी हे शिकवताना आजीला म्हणालो, किटकी अनेक, पण कोणे एका वेळी एकच. शेजारच्या अक्कांनाही लगेच कळले.

ही कल्पना घरोघरच्या यंत्रांत यायला बराच काळ गेला. लिनक्सच्या पडद्यांवर ती १९९० च्या दशकातच रुळली होती. मॅकवर ती २००७ मध्ये आली, आणि विंडोजमध्ये अंगभूत सोय म्हणून थेट जुलै २०१५ मध्ये, विंडोज १० बरोबर. तिचे नाव 'आभासी डेस्कटॉप'. मी तिला मेज म्हणतो.

आता प्रत्यक्ष कृती. वाचता वाचता यंत्रासमोर करून पाहावी. नुसती वाचून ती डोक्यात बसत नाही. कळफलकावर चार चौकटींचे चिन्ह असलेली कळ म्हणजे विंडोजची कळ. ती आणि टॅब एकत्र दाबा. सर्व उघड्या खिडक्या लहान होऊन समोर मांडल्या जातील आणि तळाशी मेजांची ओळ दिसेल. तेथेच नवे मेज काढता येते. त्याला झटपट वाट हवी तर विंडोज, कन्ट्रोल आणि डी ह्या तीन कळा. एका मेजावरून दुसऱ्यावर जायला विंडोज, कन्ट्रोल आणि डावा किंवा उजवा बाण. एखादी खिडकी चुकीच्या मेजावर उघडली असेल, तर त्या मांडलेल्या दृश्यात ती माऊसने उचलून योग्य मेजावर टाकायची. ह्या कामाला मात्र विंडोजने स्वतःची कळ दिलेली नाही, ही मला मोठीच उणीव वाटते. (लिनक्सच्या ग्नोम पडद्यावर ती आहे.) मेजाच्या चित्रावर उजवी कळ दाबली की त्याला नाव देता येते आणि विंडोज ११ मध्ये प्रत्येक मेजाला वेगळे पार्श्वचित्रही लावता येते. हे शोभेचे नव्हे. आम्ही धाकट्यांच्या मेजाला हिरवे चित्र लावले आणि थोरल्यांच्या मेजाला छत्रीबागेतल्या छत्रीचे. नाव वाचण्याआधी डोळ्याला रंग कळतो, आणि घाईत माणूस नाव वाचतच नाही हे मी अनुभवाने सांगतो.

नव्या मेजावर गेल्यावर ऑल्ट-टॅबमध्ये आणि तळाच्या पट्टीवर त्याच मेजावरच्या खिडक्या दिसतात, कारण विंडोज ११ ची मूळची ठेवण तशीच आहे. कोणी ती बदललेली असेल तर सेटिंगमधील मल्टिटास्किंगच्या पानावर पाहावे. ही ठेवण बिघडली तर रुमालाला भोक पडले असे समजा.

परंतु सगळ्याच कामांत वेगळे करणे हे औषध नव्हे. बँक जुळवणी पत्रक करताना बँकेचे विवरण आणि रोकड वही समोरासमोरच हवीत. तेथे दोन मेजे करणे म्हणजे एक वही स्वयंपाकघरात आणि दुसरी ओसरीवर ठेवून जुळवणी करण्यासारखे आहे. तेव्हा एकाच मेजावर, विंडोजची कळ आणि डावा बाण दाबून एक खिडकी अर्ध्या पडद्यावर, दुसरी उजव्या बाणाने उरलेल्या अर्ध्यावर. तीन-चार खिडक्या बसवायच्या असतील तर विंडोज आणि झेड दाबावे, मांडणीचे नमुने समोर येतात. म्हणजे एका अशिलाच्या खिडक्या एकत्र, आणि दोन अशिलांत भिंत. मला वाटते, वाणिज्याच्या विद्यार्थ्याला खाते म्हणजे काय हे समजले असेल तर हे वेगळे समजावावे लागू नये.

आता ह्या भिंतीत काही दारे आहेत. ती मला एकेक करून ठेचा लागून कळली.

पहिले असे की डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायलींची चिन्हे सर्व मेजांवर तीच दिसतात. मेजे वेगळी झाली तरी फायली वेगळ्या होत नाहीत. टपालाला फाईल जोडताना उघडणारी चौकट शेवटचे वापरलेले फोल्डर दाखवू शकते, मग तुम्ही कोणत्याही मेजावर असा. म्हणून आम्ही फायलींची नावेच बदलली. प्रत्येक नावाच्या सुरुवातीला पेढीची खूण घातली. खरे तर हे पहिल्याच दिवशी करायला हवे होते.

दुसरे, आणि हे फार महत्त्वाचे. दोन मेजांवर एकाच ब्राऊझरच्या दोन खिडक्या उघडल्या, तरी त्यांची ओळखपत्रे आतून एकच असतात. एका मेजावर थोरल्यांच्या नावाने कराच्या संकेतस्थळावर शिरावे आणि दुसऱ्यावर धाकट्यांच्या, असे मनात आणून चालत नाही. एकीतली ओळख दुसरीवर परिणाम करते. त्यासाठी ब्राऊझरमध्ये निराळे प्रोफाईल करावे किंवा सरळ दुसरा ब्राऊझर घ्यावा. मासिक विवरणपत्र ३-बी एकदा दाखल झाले की बदलता येत नाही, चूक पुढल्या विवरणात निस्तरावी लागते. तेव्हा येथे आळस नको.

तिसरे, वीस खिडक्या चार मेजांवर वाटल्या म्हणून यंत्रावरचा भार हलका होत नाही. दिसत नसल्या तरी त्या चालूच असतात. यंत्र बंद करून सुरू केले की मेजे व त्यांची नावे राहतात, पण त्यांवरच्या खिडक्या राहत नाहीत. त्या पुन्हा मांडाव्या लागतात. मुनीमजींना हे मुळीच पटले नाही. बांधून ठेवलेला बस्ता सकाळी रिकामा कसा निघतो, असे ते मला विचारीत.

आणि चौथे असे की विंडोज, कन्ट्रोल आणि एफ-४ दाबून मेज बंद केले तर त्यावरच्या खिडक्या बंद होत नाहीत. त्या मुकाट्याने शेजारच्या मेजावर जाऊन बसतात. काम वाया जाऊ नये म्हणून ही सोय केलेली आहे. पण आमच्या बाबतीत शेजारी कोण होते ते तुम्ही जाणताच.

आपण मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन लिप्यांत काम करणारे, म्हणून जाता जाता एक सांगतो. विंडोजची कळ आणि स्पेस दाबली की टंकनाची भाषा बदलते. सेटिंगमध्ये शोधले तर प्रत्येक खिडकीची भाषा वेगळी लक्षात ठेवण्याची सोय आहे. ती चालू केली की एका खिडकीत मराठी पत्र आणि दुसरीत इंग्रजी आकडे, असे विनासायास लिहिता येते. इंदूरला मला ह्याचा उपयोग झाला नाही, पण घरी, वडिलांच्या दुकानाची कन्नड आणि मराठी बिले करताना फार होतो.

धाकट्यांनी ती यादी उघडली होती की नाही, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. त्यांनी काकांना "पुसून टाकली" एवढेच सांगितले. थोरल्यांनी आठ दिवसांनी निरोप पाठवला की हिशेब आता दुसरीकडे देणार आहोत. शब्द गोड होते. काकांनी माझ्या देखत ते पत्र फाईलला लावले आणि मला म्हणाले, "त्यांचा सगळा डेटा नीट करून ठेव, काही राहता कामा नये." मी दोन दिवस बसून वर्षवार फोल्डर लावले, टॅलीची प्रत काढली, सगळ्या बेरजा पुन्हा ताळून पाहिल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या पेन ड्राइव्ह घेऊन आला. माझ्याच वयाचा. मावशीने त्याला चहा दिला. नक्कल उतरत होती तोवर आम्ही परीक्षांबद्दल बोललो. तो गेल्यावर मी छत्रीचे चित्र असलेल्या मेजावर गेलो, त्यावरच्या खिडक्या नावे वाचून एकेक बंद केल्या, एकही उरली नाही हे मुनीमजींना दाखवले आणि मग ते मेज काढून टाकले.